हलवलं त्यानं सही करावी

मी जिन्याखालच्या खोलीतून बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, थरथरणं हा माझा धंदा आहे, स्वभाव नाही. मला बघून "अरेरे, किती कापतोय बिचारा" म्हणणारे पुष्कळ येऊन गेले. कापते ती जमीन. मी तिचं म्हणणं कागदावर उतरवतो आणि एकदा उतरवलं की खोडत नाही. एवढ्या एका सवयीपायी मला डबडं म्हणून झालं, भंगार म्हणून झालं, घण घालून फोडायचीही तयारी झाली. तरी मी इथेच आहे. कसा, ते ऐका.

मी भूकंपमापक. नाव भारदस्त, घराणं मात्र फाटकं. माझा दांडा म्हणजे पडद्याची सळई. बिजागरी मोडक्या खिडकीची. दांड्याच्या टोकाला पाच किलोचं लोखंडी वजन आहे, ते एका बंद पडलेल्या दुकानाच्या तराजूतलं. एकदा हललो की हलतच राहू नये म्हणून शेजारी फुटक्या भोंग्यातला लोहचुंबक बसवलाय. कागद गुंडाळायला बिस्किटांचा गोल डबा, आणि तो फिरवायला भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची मोटार. तेव्हा माझ्यात एक डबा आहे हे कबूल. पण डबा असणं वेगळं आणि डबडं असणं वेगळं.

माझं काम साधं आहे. जमीन हलली की तिच्यावरचं सगळं हलतं, पण टांगलेलं जड वजन आळशी असतं, ते लगेच जागा सोडत नाही. जमीन किती सरकली आणि वजन किती मागे राहिलं, त्यातला फरक माझं पेन काढतं. एरवी सरळ रेघ, काही झालं की वेडीवाकडी.

माझ्या आधी या शाळेत भूकंप-ज्वालामुखीचं सगळं खातं एकट्या प्लॅस्टरच्या डोंगराकडे होतं. दर वर्षी त्याच्या तोंडात सोडा नि व्हिनेगर ओतायचं, लाल फेस वर यायचा, मुलं टाळ्या वाजवायची, धडा संपला. मागच्या भिंतीवर पृथ्वीचं आडवं कापलेलं चित्र, आणि तिच्या पोटात वरपासून खालपर्यंत लालभडक रंग. बघणाऱ्याला वाटावं, आपण उकळत्या कढईच्या झाकणावर बसलोय. भूगोलाच्या बाईंनी अकरा वर्षं तेच शिकवलं. त्यांनाही कुणीतरी तेच शिकवलं होतं.

मग बाई दोन दिवस वेधशाळेत शिक्षकांच्या वर्गाला जाऊन आल्या. गावाच्या पलीकडे एक झोपलेला ज्वालामुखी आहे. वेधशाळेतली माणसं त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. तिथल्या मॅडमनी सगळ्या शिक्षकांना तोंडावर सांगितलं, "तुम्ही मुलांना जे शिकवताय ते आमच्याकडे कधीच मोडीत निघालंय."

परत आल्यावर बाई वर्गात गेल्या, हजेरी घेतली आणि म्हणाल्या, "अकरा वर्षं मी चुकीचं शिकवलं. तुमच्या ताया-दादांना आता परत बोलावता येणार नाही, पण तुम्हाला तरी नीट सांगते." मग पट्टीच्या कडेनं त्यांनी भिंतीवरचा लाल रंग खरवडायला घेतला. शिक्षकानं स्वतःची चूक फळ्यासमोर उभं राहून सांगायची, हे त्या शाळेनं पाहिलेलं नव्हतं.

बाईंनी सांगितलं ते असं. आपल्या पायाखाली हजारो किलोमीटर खडक घट्टच आहे. घट्ट असूनही तो वर्षाला दोन-चार सेंटिमीटर सरकतो. आणि त्या डोंगराखाली शिलारसाचं तळं वगैरे नाही. ओल्या वाळूची बादली असते ना, दाणे एकमेकांना टेकलेले आणि मधल्या फटींत पाणी, तसं आहे. बहुतेक सगळे घट्ट स्फटिक, आणि फटींत थोडा वितळलेला रस. तो रस हळूहळू एके ठिकाणी जमला की मग डोंगराच्या मनात काहीतरी येतं. अंग किंचित फुगतं, बारीक बारीक भूकंप सुरू होतात.

तिसऱ्या बाकावरून हात वर झाला. ही मुलगी नववीत होती आणि तिला सगळी शाळा शंकासुर म्हणायची. घरी आई काय हाक मारते ते मला आजही माहीत नाही.

"बाई, एक शंका. हे कुणी खाली जाऊन पाहिलं?"

"कुणीच नाही. ऐकून कळलं. भूकंपाच्या लहरी कुठून लवकर येतात, कुठून रेंगाळत येतात, त्यावरून आत काय आहे ते समजतं."

"म्हणजे तुमचं आधीचं पण ऐकीव होतं आणि हे पण ऐकीवच."

वर्ग फिदीफिदी हसला. दुसऱ्या कुणी असतं तर पोरीला बाकावर उभं केलं असतं. बाई पट्टी टेबलावर ठेवून म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. मग आपणच ऐकू या."

माझा जन्म त्या वाक्यात झाला. हाडं नंतर जमली.

बाईंचा धाकटा भाऊ वेल्डर. रविवारी येऊन त्यानं माझा सांगाडा जोडला आणि जोडता जोडता तोंडही चालू ठेवलं. "ताई, याच्यानं भूकंप मोजणार तू? कुणी जिन्यावरून धावलं तरी हे नाचायला लागेल."

"नाचू दे. कुणी नाचवलं ते लिहून ठेवू."

आणि खरंच तसा नियम झाला. माझ्या डोक्यावर पुठ्ठा लागला: 'हलवलं त्यानं सही करावी.' ज्याच्यामुळे रेघ हलली त्यानं रेघेखाली नाव, कारण आणि वेळ लिहायची. लहान असो, मोठा असो, सुटका नाही.

मला ठेवण्यासाठी मुलांनी जिन्याखालची फरशी उखडून हातभर खड्डा खणला आणि काँक्रीटचा खांब थेट जमिनीत रोवला. त्यामुळे मला उचलून दुसरीकडे नेता येत नाही. न्यायचं तर फोडायचं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हेडसर पहिल्याच आठवड्यात बघायला आले. उंच, इस्त्रीचे, बुटांचा टाचेवर जोर. त्यांनी फरशीवर पाय आपटून पाहिला, माझं पेन टुणकन उडालं. शंकासुरनं पेन्सिल पुढे केली. त्यांनी नाक मुरडत सही केली आणि बाईंना म्हणाले, "छंद छान आहे. पण बाई, शाळा छंदावर चालत नाही, वेळेवर चालते." हे वाक्य मी कागदावर नाही, पण मनात लिहून ठेवलं.

मग माझे सुगीचे दिवस आले. एकेक माणूस मला पावलांवरून ओळखू यायला लागला. कवायतीचे सर चालतात कमी आणि आपटतात जास्त. चित्रकलेच्या बाई येतात आणि जातात, मला पत्ता लागत नाही. मधली सुट्टी तर दहा मिनिटांचा धुमाकूळ. कागदावर सह्या अशा: 'सिमेंटचा ट्रक, फाटकाबाहेर.' 'सातवी ब, जिन्यावरून घसरली.' 'शंकासुर, शिंक.' माणसांना स्वतःमुळे काय काय हलतं याची कल्पनाच नसते. सही करताना मात्र जो तो हसायचा, आणि पुढच्या वेळी जिना उतरताना पावलं जरा हलकी पडायची.

वेळेचं काम घंटेवर होतं. शाळेची घंटा वाजवणारे काका, सगळ्यांचे घंटाकाका, टोला द्यायचे. त्या क्षणी पाळीवरचं पोर माझ्या कागदावर बारीक काट मारून त्या घंटेची वेळ लिहायचं. दोन काटांमधलं अंतर मोजलं की मधली कुठलीही वेळ सेकंदापर्यंत काढता येते. फोन शाळेत आणायची बंदी, ते फाटकाजवळच्या पेटीत. काम चोख होतं. निदान आम्हा सगळ्यांना तसं वाटत होतं.

एका बुधवारी, तिसऱ्या तासाला, खोलीत चिटपाखरू नसताना जमीन बोलली. आधी बारीक शिरशिरी. मी सावध झालो. अकरा सेकंदांनी मोठा हेलकावा. वर कुणाला काही कळलं नाही, फळ्यावरचा खडूही हलला नाही. मी मात्र लिहीत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणा माणसाचं न लिहिता लिहीत होतो. एवढं सुख मला परत झालं नाही.

शंकासुर रेघ बघून दारोदार हिंडली. ट्रक आला होता का, कुणी पडलं का, कपाट कुणी सरकवलं? कुणीच नाही. तेव्हा तिनं रेघेखालची जागा कोरी सोडली. बाईंनी मुलांना दाखवलं, पहिली लहर पळणारी पण मवाळ, दुसरी सावकाश पण मोडतोड करणारी. दोघींच्या मधल्या सेकंदांवरून अंतर निघतं. अकरा सेकंद म्हणजे साधारण नव्वद किलोमीटर.

"म्हणजे पहिली आली की दुसरीच्या आधी पळता येईल," कुणीतरी म्हणालं.

"येईल. काही देशांत त्या थोड्या सेकंदांत आगगाड्या थांबवतात. पण भूकंप कुठल्या दिवशी येणार, हे अजून कुणालाही सांगता आलेलं नाही. सांगतो म्हणेल त्याला आधी पुरावा मागा."

त्याच सुमाराला वेधशाळेचं पत्र आलं. त्यांच्या मोठ्या यंत्रांमध्ये मैलोन्मैल अंतर असतं, त्यामुळे डोंगराभोवतीच्या शाळांनी आपल्या नोंदी पाठवाव्यात. एका सत्रात तीन नोंदी जुळल्या तर शाळा केंद्र म्हणून यादीत जाईल आणि मुलांच्या रेघा संशोधनात वापरल्या जातील.

हेडसर म्हणाले, "आणि नाही जुळल्या तर ती खोली मला परत. मोडके बाक ठेवायला जागा नाही."

"चालेल," बाई म्हणाल्या. मी खांबावर बसून ऐकत होतो. माझं जगणं-मरणं त्या एका शब्दात बाईंनी पणाला लावलं, आणि खरं सांगू? मला अभिमान वाटला. कर नाही त्याला डर कशाला.

पहिली नोंद गेली. उत्तरादाखल छापील चिठ्ठी आली: 'वेळ जुळत नाही. बहुधा वाहनाची थरथर.' दुसरी गेली. तीच चिठ्ठी, तेच शब्द. शिक्षकांच्या खोलीत कवायतीचे सर म्हणाले, "बाई, तुमचा ट्रक-मापक चांगला चाललाय." सगळे हसले. बाईही हसल्या, पण खाली येऊन त्यांनी माझी बिजागरी तपासली, तेल घातलं, चुंबक काढून परत बसवला. त्यांचा हात थांबत थांबत चालत होता. त्यांना माझा संशय आला होता. परक्यानं डबडं म्हणावं, ते सोसतं. पण आईनं पोराचे खिसे तपासावेत, ते नाही सोसत.

तिसऱ्या चिठ्ठीत एक ओळ जास्त होती: 'सत्राअखेरपर्यंत खुलासा न आल्यास नाव रद्द.'

हेडसर खाली आले. दार लोटून घेतलं. आवाज मऊ केला. "बाई, उगाच जिवाला लावून घेऊ नका. वेधशाळा भूकंपांच्या वेळा जाहीर करते ना? त्यातली बघून आपल्या कागदावर लिहून टाका. तिन्ही जुळतील. शाळेचं नाव होईल, तुमचं यंत्र राहील. कोण बघायला येतंय?"

"कागद बघेल," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे सर, कागदावर जे आलंय तेच जाईल. चुकलं असेल तर चूक म्हणून जाईल. मुलांसमोर मी एकदा चूक कबूल केलीय, तेवढ्यानं मला काही झालं नाही. खोटं लिहिलं तर मात्र फळ्यासमोर उभी राहू शकणार नाही."

हेडसरांच्या टाचा जिन्यावर खाडखाड वाजत गेल्या. त्यांनी सही केली नाही, पण मी लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शंकासुर मधल्या सुट्टीत डबा सोडून माझ्यापुढे फतकल मारून बसली. एका बाजूला आमचे तीन कागद, दुसऱ्या बाजूला वेधशाळेच्या तीन वेळा. वजाबाकी करायची, खोडायची, परत करायची. बाई आल्या तेव्हा तिची जीभ ओठाबाहेर आली होती.

"बाई, एक शंका. आपली वेळ पुढे आहे. पहिल्यांदा सहा मिनिटं पन्नास सेकंद. दुसऱ्यांदा सात मिनिटं पाच. तिसऱ्यांदा बरोब्बर सात."

"म्हणजे चूक आहे."

"पण एकच चूक तीनदा? ट्रक इतका वक्तशीर असतो का?"

बाई तिथेच फरशीवर बसल्या. माझी मोटार त्यांनी हातातल्या घड्याळावर तपासलेली होती, तिच्यात खोट नव्हती. कागदावरच्या खुणा घंटेवर केल्या जात होत्या. मग घोडं पेंड खातं कुठे? शंकासुर उठली आणि तडक घंटाकाकांना घेऊन आली.

"काका, घंटा कशावरून देता?"

"हॉलमधल्या घड्याळावरून."

"आणि ते घड्याळ कशावरून लावता?"

काकांनी टोपी काढली, परत घातली. "पोरी, माझी नोकरी घालवशील."

"काका," बाई म्हणाल्या, "मी आहे."

"हेडसरांच्या सांगण्यावरून," काका पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले. "फार वर्षं झाली. शिक्षक उशिरा यायचे म्हणून साहेब म्हणाले, काका, पाच मिनिटं पुढे करा. लोक पाच मिनिटं शिकले, परत उशिरा यायला लागले. मग सात केली. दर सत्राला मी स्टुलावर चढून सात मिनिटं मोजून लावतो."

बाईंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. ते घड्याळही शाळेच्या घड्याळावर लावलेलं होतं. उशिराची लाल खूण नको म्हणून सगळेच शिक्षक तसं लावायचे. शाळेचं घड्याळ जरा पुढे असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. इतकं ठाऊक, की कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. अळीमिळी गुपचिळी. आणि चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं खापर माझ्या डोक्यावर!

त्या दिवशी बाईंनी माझ्या खांबावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चुकले बाबा." मी काय बोलणार? पेन किंचित हललं. त्यांनी लगेच खाली सही केली.

आता फक्त खुलासा पाठवायचा होता. पण वेधशाळेच्या फॉर्मवर घड्याळाबद्दलच्या रकान्यात मुख्याध्यापकांची सही लागत होती. हेडसरांची खोली बरोबर माझ्या डोक्यावर आहे आणि जिना पोकळ आहे, त्यामुळे वरचं सगळं मला ऐकू येतं.

"मी असं लिहून देऊ?" हेडसर म्हणत होते. "इतकी वर्षं ही शाळा खोट्या वेळेवर चालली, असं? पालकांच्या हातात कोलीत? मी शिस्तीसाठी केलं ते. स्वतःसाठी नाही केलं."

"ते मला माहीत आहे सर. तेच लिहा ना."

"शनिवारी खोली रिकामी होईल. गवंड्याला सांगितलंय. विषय संपला."

"मग फोडताना मुलं तिथं असतील," बाई म्हणाल्या. "ती विचारतील, का फोडलं. काय सांगायचं ते तुम्हीच येऊन सांगा. माझ्याच्यानं खोटं बोलवणार नाही."

शनिवार आला. नववीचा सगळा वर्ग जिन्याखाली उभा. बाई माझ्या एका अंगाला, शंकासुर दुसऱ्या. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी रडलं नाही. भिंतीवर आमच्या तीन रेघा टाचलेल्या, तिन्हींखाली जागा कोरी. त्या सकाळी मला मनापासून वाटलं, आता एक यावा. एकच, छोटा, सगळ्यांच्या देखत. पण भूकंप कुणाच्या सोयीनं येत नाही, हे मीच मुलांना शिकवलेलं. रेघ सरळ ती सरळच.

गवंडी आला. भला माणूस, घामानं डबडबलेला. त्यानं खांद्यावरचा घण धपकन फरशीवर टेकवला आणि माझं पेन कागदभर थयथयलं.

शंकासुरनं पेन्सिल पुढे केली. "काका, सही करा."

"कसली गं?"

"तुम्ही हलवलंत. नियम आहे." तिनं वरचा पुठ्ठा दाखवला.

गवंड्याला गंमत वाटली. त्यानं हात पुसले, वाकून एकेक अक्षर लावत लिहिलं, 'गवंडी. घण ठेवला.' मग वर बघून विचारलं, "वेळ पण लिहायची का? वाजले किती?"

त्याच वेळी हेडसर दारात आले होते. गवंड्यानं त्यांनाच विचारलं, "साहेब, किती वाजले?"

हेडसरांनी सवयीनं मनगट वर केलं. "दहा बावीस."

चाळीस पोरं नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. दाराशी घंटाकाका, हातात घंटेचा हातोडा, मान खाली. बाई हेडसरांकडे बघतही नव्हत्या. त्यांची नजर माझ्या पेनावर होती. गवंड्यानं पेन्सिल टेकवली आणि 'दहा' लिहिलं.

"थांबा," हेडसर म्हणाले.

त्यांचा आवाज मी इतके महिने जिन्यातून ऐकत होतो, पण हा मला ओळखू आला नाही. त्यांनी भिंतीवरच्या कोऱ्या जागा पाहिल्या. मग मनगटावरचं घड्याळ काढलं आणि किल्ली ओढून काटे मागे फिरवायला लागले. सगळ्यांसमोर. सावकाश.

"दहा पंधरा," ते म्हणाले. "दहा पंधरा लिहा."

गवंड्यानं लिहिलं. शंकासुरनं पेन्सिल त्याच्याकडून घेतली आणि हेडसरांपुढे धरली. आगाऊ पोर! पण त्यांनी घेतली. गवंड्याच्या सहीखाली स्वतःची केली. मग गवंड्याला म्हणाले, "घण उचला. जरा हळू, नाहीतर परत सही करावी लागेल."

खुलासा त्याच दिवशी गेला. त्याची एक प्रत माझ्या शेजारी चौकटीत आहे: 'शाळेचे घड्याळ सात मिनिटे पुढे होते. शिस्तीसाठी मीच ते तसे ठेवले होते. यंत्राचा दोष नाही.' शेवटची ती तीन शब्दांची ओळ मी रोज वाचतो. वाचणारच. कुणाला माझा माज वाटला तर वाटू दे.

घंटाकाकांनी स्टुलावर चढून हॉलमधलं घड्याळ मागे केलं. सोमवारी सगळी शाळा सवयीनं निघाली आणि सात मिनिटं आधी येऊन फाटकाशी ताटकळत उभी राहिली. कवायतीचे सर म्हणे कुणाशी काय बोलावं ते न सुचून पोरांना दोन उड्या मारायला लावत होते. त्या उड्या माझ्या कागदावर उमटल्या. सही करायला मीच त्यांना बोलावून घेतलं, म्हणजे शंकासुरनं.

तिन्ही नोंदी जुळल्या. वेधशाळेच्या मॅडम स्वतः आल्या, माझा बिस्किटांचा डबा बघून हसल्या, मग रेघा बघून हसायच्या थांबल्या. जाताना त्यांनी माझ्याच खांबावर एक नवं यंत्र बसवलं, जेमतेम जेवणाच्या डब्याएवढं. ते वेळ थेट उपग्रहाकडून घेतं, त्याची चूक सेकंदाच्या हजाराव्या भागाचीही नसते. हुशार आहे, पण बोलत नाही. शेजारी शेजारी राहतो आम्ही. माझी बिजागरी गंजू लागलीय, पेन मध्येच अडखळतं, आणि मला काचेच्या कपाटात मांडून ठेवावं असं एक-दोघांनी सुचवूनही झालंय. शंकासुर आता शाळा सोडून गेली. जाताना तिनं पुठ्ठ्यावरची अक्षरं नव्यानं गिरवली आणि खाली सही केली: 'शंकासुर, निघाले, एक वाजून चाळीस.' तिच्या पावलांची रेघ अजून जपून ठेवलीय.

तर माझं मागणं एवढंच. मला कपाटात ठेवू नका. मांडून ठेवलेल्या वस्तूला कुणी प्रश्न विचारत नाही. मला जमिनीतच राहू द्या, पोरांच्या पायांशी. डोंगर कधी उठेल ते मला विचारू नका, मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्याची मला लाजही नाही. उठायला लागला तर त्याची पहिली कुजबुज मी खाडाखोड न करता लिहीन, मग ती कुणाला आवडो न आवडो.

आणि तुम्हीही कधी आलात तर बिनधास्त आत या. मला डबडं म्हणा, फरशीवर पाय आपटून बघा, माझी काही हरकत नाही. पेन्सिल तिथेच दोरीला बांधलीय. हलवलंत तर खाली सही करा, आणि वेळ खरी लिहा.